येरळेकाठची यात्रा : पुसेगावचा रथ आणि खिलारांचा बाजार

मार्गशीर्ष सरत आला की सातारा जिल्ह्याच्या पूर्वभागात घरोघर एकच विषय असतो. शाळू गुडघ्याच्या वर आलेला असतो, हरभरा घाट्यांवर येतो, पहाटे शेकोट्या पेटतात आणि शेकोटीभोवती बसलेल्या माणसांत कोणीतरी विचारतो, "काय, औंदा पुसेगावला किती दिवस?" जायचे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जायचे हे ठरलेलेच असते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांनी ही यात्रा लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिली असेल. पण आमचे बरेच वाचक कोयनानगर, हेळवाक, पाटण अशा डोंगरी मुलखातले आहेत. त्यांना पुसेगाव ऐकून माहीत असते, पाहिलेले नसते. जिल्हा एकच, पण मुलूख किती वेगळा पाहा. कोयनेच्या धरणावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि खटाव तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. एकीकडे पाऊस कधी थांबतो याची वाट पाहायची, दुसरीकडे कधी येतो याची. या दुसऱ्या मुलखातली हिवाळ्यातली सर्वांत मोठी यात्रा म्हणजे पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची.

पुसेगाव हे खटाव तालुक्यातले बाजाराचे गाव. साताऱ्याहून कोरेगावमार्गे निघालात की वर्धनगडच्या पायथ्याचा घाट लागतो, तो ओलांडला की थोड्याच वेळात गाव येते. कोयनेकडच्या लोकांना कराडहून वडूजमार्गेही येता येते. गावाला लागून येरळा नदी आहे. खटावच्या उत्तर टोकाच्या डोंगरात उगम पावून ती दक्षिणेला सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदी म्हणायची, पण वर्षातले बरेच दिवस वाळूच जास्त. गावाच्या जवळच ब्रिटिश अमदानीत बांधलेला नेर तलाव आहे. अलीकडच्या काळात जिहे-कठापूर उपसा योजनेतून कृष्णेचे पाणी या तलावात येऊ लागल्यापासून येरळेच्या वाळूलाही ओल दिसू लागली आहे. पाण्याचा आणि यात्रेचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, तो पुढे येईल.

सेवागिरी महाराज गिरी पंथाचे संन्यासी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फिरत फिरत पुसेगावी आले आणि येरळेच्या काठी राहिले ते कायमचेच. १० जानेवारी १९४८ रोजी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, ते समाधिस्थ झाले. देश स्वतंत्र होऊन त्या वेळी पुरते पाच महिनेही झाले नव्हते. म्हणजे पंढरी-आळंदीसारखी शतकांची परंपरा या यात्रेला नाही. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अगदी कालपरवापर्यंत या भागात होती. देव जुना असला की त्याच्याभोवती कथा जमतात, संत अलीकडचा असला की आठवणी जमतात. पुसेगावात जुन्या माणसांशी बोलायला बसलात तर हा फरक लगेच जाणवतो. चमत्कार सांगणारे भेटतात, पण त्याहून जास्त भेटतात ते "आमच्या आज्याने महाराजांना पाहिले होते" असे सांगणारे.

पुण्यतिथीच्या सुमारास दहाएक दिवस यात्रा भरते आणि पुण्यतिथीचा रथोत्सव हा तिचा कळस. रथात महाराजांची प्रतिमा व पादुका ठेवतात. रथ निघाला की लोक त्याला नोटांच्या माळा अर्पण करतात. सुरुवातीला रथाचे लाकूड दिसते, कळस दिसतो, फुले दिसतात. दुपार कलेपर्यंत यातले काही दिसत नाही. दहाच्या, वीसच्या, शंभराच्या, पाचशेच्या नोटा दोऱ्यात ओवून केलेल्या माळा एकावर एक चढत जातात आणि रथ नोटांनी झाकून जातो. गर्दी इतकी असते की रथ हातभर सरकतो आणि थांबतो, सरकतो आणि थांबतो. गावातून फिरून परत यायला रात्र होते. मग ट्रस्टच्या आवारात मोजदाद सुरू होते. रक्कम लाखांच्या घरात जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते.

नोटांचा हा रथ पाहून शहरातली माणसे नाक मुरडतात. देवाला पैशांचा हार कशाला, असे म्हणतात. आमचे मत जरा वेगळे आहे. कुणब्याच्या घरात रोकड दिसण्याचे दिवस वर्षात थोडेच. बटाटा निघाला, घेवडा विकला, कांद्याचे चार पैसे आले, की त्यातली एक नोट बाजूला काढून ती कोऱ्या कापडात बांधून ठेवायची आणि रथाला लावायची, ही या भागातली रीत आहे. ती नोट मोठी असतेच असे नाही. कित्येक माळांत दहा-दहाच्या नोटा असतात, आणि त्या ओवणारे हात घरच्या बाईचे असतात. नवस बोललेला असतो तो पोराच्या नोकरीचा, विहिरीच्या पाण्याचा, नाहीतर आजारी म्हशीचा. मात्र एक सांगितलेच पाहिजे. कर्ज काढून, उसने घेऊन मोठ्या नोटांची माळ मिरवण्याची चढाओढ काही ठिकाणी दिसते, ती बरी नव्हे. ज्या संन्याशाने स्वतःसाठी काही ठेवले नाही त्याच्या नावाने कोणी सावकाराचे दार ठोठवावे, हे काही पटत नाही.

यात्रेला येणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार सांगतात : हौशे, नवसे आणि गवसे. हौशांना पाळणे, तमाशाचे तंबू, कुस्तीचे मैदान, रेवड्या, भेळ आणि आकाशकंदिलासारखे चमकणारे फुगे. नवशांना समाधी आणि रथ. गवशांना काय सापडेल ते. पण पुसेगावला चौथा प्रकार आहे आणि आमच्या मते यात्रेचा कणा तोच आहे. तो म्हणजे बैलवाला.

जनावरांचा बाजार भरतो त्या माळावर भल्या पहाटे जाऊन पाहा. धुके असते, मेखांना बांधलेल्या जोड्या ओळीने उभ्या असतात, त्यांच्या नाकातून वाफा निघत असतात. पांढरीशुभ्र, कोसी, काजळी अशा रंगांची खिलार जनावरे, मागे वळत वर गेलेली लांब शिंगे, ताठ वशिंड, आखूड गळपोळी, काळेभोर डोळे. शिंगांना हिंगूळ लावलेला, गळ्यात घुंगूरमाळा, पाठीवर झूल. मालक घोंगडी पांघरून शेजारी बसलेला, आणि रात्रभर जनावरापाशीच झोपलेला. खिलार ही जातच माणदेशची. आटपाडी महाल आणि म्हसवड ही तिची मूळ घरे. दूध बेताचे, पण चालीला वाऱ्यासारखी, कमी चाऱ्यावर तग धरणारी, उन्हाला न हटणारी. जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे असेच जनावर टिकते. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी, पुसेगावची शेवटच्या टप्प्यात आणि मग पौषात औंधच्या यमाईची व खरसुंडीच्या सिद्धनाथाची, अशी ही बाजारांची माळच आहे. हेडी लोक आणि जातिवंत बैल पाळणारे शेतकरी या माळेवरून वर्षानुवर्षे फिरत आले आहेत.

सौदा होतो तो पाहण्यासारखा असतो. दोघे समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल किंवा उपरणे टाकतात आणि त्याखाली बोटे धरतात. एक बोट, दोन बोटे, पूर्ण पंजा. कोणत्या बोटांचा अर्थ किती, हे दोघांनाच कळते. तोंडाने बोलणे चालू असते ते जनावराच्या गुणांचे, आकडा मात्र रुमालाखालीच. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव त्यांना कळत नाही. एकाचा भाव दुसऱ्याच्या कानी गेला नाही म्हणजे दोघांचीही पत राहते, अशी यामागची समज. अलीकडे मोबाईलवर फोटो पाठवून भाव ठरतात, पैसे मोबाईलवरूनच जातात, तरी माळावर रुमाल अजून दिसतो.

आता बैल घ्यायलाच जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. आम्ही या बाजारात फिरून जाणत्या माणसांकडून ऐकलेल्या त्या आहेत. पहिल्यांदा दात पाहा. दुधाचे दात असले तर जनावर अदंत. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पहिली जोडी पडून पक्के दात येतात तो दोन दाती. मग चार, सहा आणि आठ पुरे झाले की जुळला. जुळल्यानंतर वय दातांच्या झिजेवरून ओळखावे लागते आणि तिथेच नवखा फसतो. मालक पाच वर्षांचा म्हणतो म्हणून पाच वर्षांचा धरू नका. जनावर उभे असताना पाहून भुलू नका. त्याला कठीण जमिनीवर चालवा, वळवा, उतारावर न्या. लंगड असेल तर वळताना कळते. खांद्यावरून हात फिरवा. जुवामुळे आलेली सूज, जुनी जखम केसांखाली लपते. नाकपुडी ओली आहे का, रवंथ चालू आहे का, शेण घट्ट आहे का, हे पाहायला पैसे पडत नाहीत. आणि शक्य असेल तर जू मानेवर ठेवून चार पावले ओढायला लावा. ऐन कामात बसकण मारणारा बैल माळावर कधीच बसत नाही!

भोवऱ्यांबद्दल बोलावे की न बोलावे, असा आम्हाला प्रश्न पडला होता. कपाळावरचा भोवरा, पाठीवरचा भोवरा, अमुक ठिकाणचा शुभ, तमुक ठिकाणचा घरधन्याला वाईट, अशी यादीच म्हातारे सांगतात. चांगला, कष्टाळू, सहा दाती बैल केवळ भोवऱ्यापायी चार हजारांनी पडलेला आम्ही पाहिला आहे. ज्याला विश्वास नाही त्याच्यासाठी ही संधीच म्हणायची. पण परत विकताना तोच भोवरा आडवा येतो, एवढा हिशेब मनात ठेवून घ्यावा.

कोयनेच्या बाजूच्या वाचकांना एक वेगळी सूचना. माणदेशची उंचीपुरी जोडी पाहून मोह होतो, पण खिलार हे कोरड्या हवेचे जनावर आहे. तुमच्याकडे चार महिने चिखल, भातखाचरे आणि सतत ओले गोठे. तिथे उंच, नाजूक पायांच्या जोडीला खुरांचे दुखणे लागते. त्यापेक्षा मध्यम बांध्याची, आखूड पायांची, घाटाकडच्या पावसात एखादा पावसाळा काढलेली जोडी मिळाली तर ती घ्या. दिसायला डावी असेल, पण श्रावणात कामाला येईल.

बैल घ्यायच्या आधी घरच्या बाईला विचारा, हेही सांगायला हवे. ही काही उपचाराची गोष्ट नाही. सौदा पुरुष करतो, फोटो पुरुष काढतो. पण वैरण कापणे, पाणी दाखवणे, शेण काढणे, गोठा लोटणे ही कामे बहुतेक घरांत कोणाच्या वाट्याला येतात हे आपण सगळेच जाणतो. कडबा किती आहे, पेंडीचा पोत्याचा भाव काय, पाणी किती लांबून आणावे लागते, याचा हिशेब तिच्याइतका कोणालाच माहीत नसतो. खटाव-माणच्या बायांनी तर २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत जनावरांसोबत महिनोन्महिने मुक्काम केले आहेत. दावणीला आणखी दोन तोंडे बांधायची की नाही, यावर त्यांचे मत पहिले हवे.

कागदांचेही पाहा. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असायला हवा आणि त्याची नोंद मालकाच्या नावाने असायला हवी; बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करू नये असा राज्याचा नियम २०२४ पासून आहे. लाळ्या-खुरकुताची आणि लम्पीची लस टोचली आहे का ते विचारा. २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. गोचीड, माश्या, डास यांच्यामार्फत तो रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाला होत नाही, पण दावण रिकामी करतो. म्हणून यात्रेतून आणलेले जनावर थेट जुन्या जनावरांत बांधू नका. तीन आठवडे वेगळे ठेवा, अंगावर गाठी उठतात का, ताप येतो का, तोंडातून लाळ गळते का ते पाहा. वेगळी जागा नसेल तर गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधा आणि त्याची घमेली, बादली वेगळी ठेवा.

आता ज्या प्रश्नाला सगळे टाळतात त्याकडे वळू. बैल लागतो कशाला?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नांगरट, कुळवणी, पेरणी, मोट, गाडी, मळणी, सगळे बैलावर. ज्याच्या दावणीला दोन जोड्या तो मोठा बागायतदार. आज नांगरटीला ट्रॅक्टर सांगितला की सकाळी सुरू केलेले रान दुपारी मोकळे. नेर तलावात आणि येरळेत पाणी आले तसे बागायत वाढली, आले, ऊस, कांदा आला, नगदी पैसा आला आणि त्याबरोबर ट्रॅक्टरही आला. पाण्याचा आणि यात्रेचा संबंध म्हणालो तो हा. कोरडवाहू मुलखाने जे जनावर घडवले ते पाणी आल्यावर दावणीतून सुटू लागले. राज्याचे आकडेही हेच बोलतात. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख जनावरे होती, २०१९ च्या गणनेत ती १ कोटी ४० लाखांच्या घरात आली. सात वर्षांत पंधरा लाख कमी. यात गाई आल्या, कालवडी आल्या, पण गावोगाव विचारले तर कोणीही सांगेल की रिकाम्या झालेल्या दावणी जास्त करून बैलांच्या आहेत.

तरी बैल पुरता संपलेला नाही. बटाट्याला आणि आल्याला भर देणे, उभ्या पिकात कोळपणी करणे, चिंचोळ्या पट्ट्यांत पाभर धरणे, ही कामे अजून बैल बरी करतो. दोन-तीन एकरांचा धनी ट्रॅक्टर घेऊ शकत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टर वाफसा असताना वेळेवर मिळतोच असे नाही. अशा घरांना बैल परवडतो, पण कधी? गावात वाटून वापरला तर. एका घरचा एक बैल आणि दुसऱ्या घरचा एक, अशी इरजिकीची किंवा सावडीची जोडी काही वाड्यांवर अजून चालते. आम्हाला तर वाटते की पुढची वीस वर्षे शेतीचा बैल टिकला तर तो सावडीवरच टिकेल.

दुसरा बैल आहे शर्यतीचा. त्याचे जगच निराळे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. बंदीची ती सात-साडेसात वर्षे खिलार पाळणाऱ्यांना फार जड गेली. खोंड पाळून, तयार करून यात्रेत विकणे हा ज्यांच्या घरचा जोडधंदा होता त्यांनी भाव पडलेले पाहिले. खिलार गाय दुधाला पुरेशी नसते. ती ठेवायची ती खोंडासाठी. खोंडाला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर गायही गेली. जात टिकवायची असेल तर तिच्या पोटचा खोंड विकला गेला पाहिजे, हे साधे गणित त्या वर्षांत सगळ्यांना कळले.

शर्यती परत आल्या, त्याबरोबर भाव परत आले, आणि असे आले की डोळे पांढरे व्हावेत. पुसेगावच्या मैदानाला या भागात मोठा मान आहे. इथे गाजलेल्या बैलाचे नाव पोरांच्या तोंडी पैलवानासारखे असते. अशा बैलाला लाखांनी मागणी येते, तर शेजारीच उभी असलेली औताची गुणी जोडी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. यात काहींचे भले झाले हे खरे. ज्याच्या घरी एखादा खोंड पळाऊ निघाला त्याचे घर उभे राहिले. पण दहांतल्या नऊंचा खोंड पळाऊ निघत नाही. त्याला खुराक म्हणून दूध, अंडी, उडदाचे पीठ, बदाम खाऊ घालून, पोराबाळांच्या तोंडचे काढून, दोन-दोन वर्षे सांभाळलेले असते. तो खर्च कोण मोजतो? ज्या घरात पोराच्या शिकवणीला पैसे नाहीत आणि बैलाच्या बदामाला आहेत, त्या घराविषयी बोलताना आम्हाला हौस हा शब्द वापरवत नाही.

अटी काय आहेत त्याही माहीत असू द्या. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी, चाबूक-काठी-टोचणी वापरू नये, विजेचा झटका तर नाहीच नाही, पशुवैद्यकाने जनावर तपासून दाखला दिलेला असावा, आयोजकांनी आधी परवानगी घेऊन अनामत भरलेली असावी. आयोजक या गोष्टी पाळतात की नाही हे बघणे प्रेक्षकांच्याही हातात आहे. शेपटी पिरगाळणाऱ्याला टाळ्या मिळाल्या नाहीत तर तो पुढच्या वेळी पिरगाळणार नाही.

गर्दीचे दोन शब्द. २५ जानेवारी २००५ रोजी याच जिल्ह्यात मांढरदेवी गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविक गेले. त्यानंतर यात्रांचा बंदोबस्त बदलला, येण्याचे आणि जाण्याचे रस्ते वेगळे होऊ लागले. तरी रथाच्या दिवशी पुसेगावात मुंगीला शिरायला जागा नसते. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात गावाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. म्हाताऱ्यांना रथाजवळ नेऊ नका, आदल्या दिवशी समाधीचे दर्शन घडवा, तेही पुरते. दागिने घरी ठेवून या. शर्यतीच्या मैदानात धावपट्टीच्या दोरीला टेकून उभे राहण्यात शौर्य नाही. पळता बैल वळला तर तो दोरी पाहत नाही.

यात्रेत कृषी प्रदर्शन भरते, तिथे मात्र निवांत जा. बियाणे, ठिबक, लहान पॉवर टिलर, चारा कापण्याची यंत्रे, दुधाळ जनावरे, असे बरेच पाहायला मिळते. विक्रेता गोड बोलतो, त्याचे ऐकून घ्या, किमतीचा कागद मागून घ्या आणि त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. घरी जाऊन, चार दिवस विचार करून, मग काय ते ठरवा. बायकांसाठी बांगड्यांची, घोंगड्यांची, लोखंडी तवे-विळ्यांची दुकाने लागतात. तवा घेताना वाजवून घ्यावा, चिरलेला असेल तर आवाज बद्द येतो.

कोयनेकडच्या जुन्या माणसांना मार्गशीर्ष म्हटला की वेगळीच आठवण येते. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट मार्गशीर्षातलीच. भूकंपाने कोयनानगर मोडले, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. त्याआधी धरणाच्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली होती आणि तिथली कित्येक कुटुंबे देव पाटीत घालून साताऱ्याच्या इतर भागांत, सांगली-सोलापूरकडे, कोकणात जाऊन वसली होती. दावणीचे बैल काहींनी चालवत नेले, काहींनी वाटेतच विकले. परक्या मुलखात नव्याने रान करायचे म्हणजे पहिली गरज बैलांची, आणि कोरड्या मुलखात पावसाळी जनावर चालेना. अशा माणसाला मग जवळची यात्रा कुठली, बाजार कुठला, हे विचारत फिरावे लागते. यात्रा ही नुसती देवाची नसते, नव्या माणसाला मुलखाची ओळख तिथेच होते. कोण भरवशाचा, कोण लबाड, कोणाच्या गावात सोयरीक जुळेल, कुठल्या रानाला काय पिकते, हे सगळे त्याच माळावर कळते. सोयरिकींचे तर असे की पुसेगावच्या यात्रेत पाहुण्यांची गाठ पडली आणि माघात लग्नाची तारीख धरली, अशी उदाहरणे खटाव-माणमध्ये गावोगाव सापडतील.

रथ परतला, मोजदाद झाली, की यात्रा हळूहळू उलगते. पाळणे खाली उतरतात, तंबूंचे खांब निघतात. माळावर उरते ते शेण आणि कडब्याचा चुरा, तोही आजूबाजूचे शेतकरी टोपल्यांनी भरून नेतात. ज्यांच्या जोड्या विकल्या गेल्या ते कासरा तेवढा हातात घेऊन एस.टी.ची वाट पाहत उभे राहतात. रिकामा कासरा गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो, अशी इथली रीत. ज्यांच्या विकल्या गेल्या नाहीत ते सकाळी उठून बैलांना पाणी पाजतात, झुली घडी करून टेम्पोत टाकतात आणि आपसात विचारतात, औंधला थांबायचे की थेट खरसुंडी गाठायची. पौष लागायला एकच दिवस उरलेला असतो.